प्रभागात मतदारांना माहिती द्यायचीये, प्रचार नाही. कुणी केलंय का असं काही?

नऱ्हेकर_नवा · २१ डिसेंबर २०२५

मंडळी एक विचारायचं होतं. मी नऱ्ह्यात राहतो, ११ वर्षं झाली. आलो तेव्हा ग्रामपंचायत होती, २०२१ ला ती २३ गावं पुणे महापालिकेत घेतली त्यात आमचं पण गेलं, पण पुढे मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. म्हणजे टॅक्स महापालिकेचा भरतोय, पाणी टँकरचं पितोय आणि नगरसेवक म्हणून फोन कुणाला करायचा तर कुणालाच नाही. आता १५ जानेवारीला मतदान लागलंय एकदाचं.

परवा खाली कट्ट्यावर विषय निघाला तर आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "चार मतं चार मतं काय लावलंय, माझं एकच ना, बाकीची तीन कुणाची?" आधी हसायला आलं, मग लक्षात आलं की मला पण नीट सांगता येत नाहीये. तिथल्या तिथे ७ जणांनी ठरवलं की आपण आपल्या आणि आजूबाजूच्या ५-६ सोसायट्यांमध्ये, मागच्या चाळींमध्ये पण, लोकांना माहिती द्यायची. कुणाला मत द्या हे नाही सांगायचं, कसं आणि कुठे द्यायचं आणि उभं कोण आहे एवढंच. टेबल टाकू, एक कागद छापू, असं डोक्यात आहे.

अडचणी अशा की, एक, आमचे चेअरमन म्हणतात सोसायटीत राजकारण नको. दोन, एक इच्छुक आहेत (अजून तिकीट नाही, फ्लेक्स मात्र लागलेत) त्यांचा माणूस येऊन गेला की "कागद आम्ही छापून देतो, चांगलं काम करताय, फक्त खाली साहेबांचा छोटासा फोटो". तीन, आमच्यात कुणालाच अनुभव नाही. आधी कुणी केलंय का? नेमकं काय सांगायचं लोकांना? सुरुवात कुठून करू?

पर्वतीपायथा · २१ डिसेंबर

केलंय. २०१७ ला केलं आणि त्याआधी २०१४ ला ज्याच्यामुळे हे खूळ डोक्यात शिरलं ते आधी सांगतो. १७ एप्रिल २०१४, लोकसभा. माझी आई, वय तेव्हा ७४, दरवेळी मतदान करणारी, कार्ड हातात, आणि यादीत नाव नाही. केंद्रावर अशी एक नाही पन्नास माणसं, काही रडायला आलेली, काही भांडायला. पुण्यात हजारो लोकांचं तसं झालं, नंतर मोर्चे निघाले, कोर्टात गेले लोक, पण तो दिवस गेला तो गेलाच. तेव्हापासून मला वाटतं की "मतदान करा मतदान करा" असं ओरडण्यात काही राम नाही, ज्याला करायचंय त्याला तुझं नाव ह्या शाळेतल्या ह्या खोलीत आहे एवढं सांगितलं तरी अर्धं काम झालं.

तर सुरुवात यादीपासून कर. आणि इथेच सगळे चुकतात. महापालिकेची निवडणूक केंद्राचा निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, ह्या वेळी १ जुलै २०२५ ची, आणि ती प्रभागांमध्ये फोडतात. त्यामुळे दोन गोष्टी होतात. पहिली, जुलैनंतर ज्याने नाव घातलं त्याचं नाव व्होटर ॲपमध्ये दिसतं पण प्रभागाच्या यादीत नसतं. त्याला तू आत्ताच सांग, १५ तारखेला केंद्रावरच्या बिचाऱ्या शिक्षकाशी भांडून काही होणार नाही. दुसरी, प्रभागाच्या यादीतला अनुक्रमांक विधानसभेच्या यादीतल्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो, केंद्र पण वेगळं असू शकतं. लोक गेल्या वर्षीच्या विधानसभेच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवतात आणि त्या शाळेत जाऊन उभे राहतात. तिथे तासभर रांगेत, मग कळतं इथे नाही, मग ऊन, मग घरी.

यादी फोडताना पण घोळ असतात, रस्त्याच्या अलीकडची बिल्डिंग पलीकडच्या प्रभागात वगैरे, ह्या वेळी प्रारूप यादीवर त्याच्याच हरकती ढिगाने आल्या. हरकतींची मुदत आता गेली. म्हणजे तुमच्या सोसायटीतली पन्नास नावं शेजारच्या प्रभागात गेली असतील तर ती तिथेच मतदान करणार, आपल्याला त्यांना फक्त कुठे जायचं ते सांगता येईल.

आणि दोन स्टार बघ. ज्यांची नावं दोन ठिकाणी असल्याचा संशय आहे त्यांच्या नावापुढे दोन स्टार छापलेत. गावाला एक नाव आणि इथे एक, असे नऱ्ह्यात भरपूर सापडतील, शिवाय नुसता नावसारखेपणा असलेले पण त्यात अडकलेत. त्यांना कुठे मतदान करणार ते लिहून द्यावं लागतं, नाहीतर केंद्रावर हमीपत्र भरून घेतात. हे आधी माहीत असलं तर माणूस घाबरत नाही, नाहीतर "तुम्ही दुबार मतदार" असं चारचौघात ऐकल्यावर म्हातारी माणसं परत फिरतात, माझ्यासमोर झालंय.

फोटोवाल्याला हात जोडून नाही म्हण. छोटा फोटो म्हणून काही नसतं.

शनिवारातला · २१ डिसेंबर

छान उपक्रम. पण पुणेकराला माहिती द्यायला जाताय म्हणजे जपून, तोच तुम्हाला पाऊण तास देईल.

बाकी लोकसभेला २०१९ ला पन्नास टक्के पण नव्हतं पुण्याचं, २०२४ ला कसंबसं ५३-५४. माहिती नव्हती म्हणून नाही, सुट्टीला जोडून लोणावळा होतं म्हणून. ह्या वेळी १४ ला संक्रांत आणि १५ गुरुवार, शुक्रवारची एक रजा टाकली की झालं कल्याण.

बाई_निवृत्त · २१ डिसेंबर

मी ३१ वर्षं शाळेत होते, त्यातल्या बऱ्याच निवडणुकांना ड्युटी केली आहे, २०१७ ची महापालिका ही शेवटची. तेव्हा त्या खोलीच्या आत बसून जे पाहिलं ते लिहिते, बाहेर टेबल टाकणाऱ्यांना उपयोगी पडेल.

तुमच्या त्या काकांना हसू नका, प्रश्न अगदी बरोबर आहे त्यांचा. पुण्यात २००७ ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता. २०१२ ला दोन झाले. २०१७ ला चार. मधे तीनचं घाटत होतं, ती निवडणूक झालीच नाही. मग लोकांनी लक्षात तरी काय ठेवायचं? ह्या वेळी ४१ प्रभाग आणि १६५ जागा आहेत, म्हणजे ४० प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. प्रत्येक प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा, कुठली महिलांसाठी, कुठली ओबीसीसाठी, कुठली सर्वसाधारण असं आरक्षण. आणि प्रत्येक मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक मत. म्हणजे काकांना सांगा, चारही मतं तुमचीच, पण एका जागेला एकच. चारही एकाच माणसाला देता येत नाहीत, हे पण सांगा, विचारणारे असतात.

आत काय होतं, तर मशीनवर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. उमेदवार जास्त असले तर चार मशीनं, कमी असले तर दोन जागा एका मशीनवर वर-खाली पण येतात. लोक पहिल्या मशीनवर ओळखीचं चिन्ह दिसलं की बटण दाबतात आणि निघतात. दिवा लागला, झालं. तसं नसतं, चारही जागांचं बटण दाबल्यावरच तो मोठा आवाज येतो. आवाज नाही म्हणून आम्ही हाका मारायचो, "अहो आजोबा, परत या, अजून तीन राहिली", आणि आजोबा म्हणायचे "मला एकालाच द्यायचंय". आता त्यांना एकालाच द्यायचं असेल तर बाकीच्या जागांना नोटा (यापैकी कुणी नाही) दाबायचा, प्रत्येक जागेखाली नोटा वेगळा असतो. पण हे त्या क्षणी, मागे रांग, उमेदवारांचे पोलिंग एजंट कान टवकारून बसलेले, कोण समजावणार? आणि आम्ही तिथे जरा जास्त बोललो की लगेच आक्षेप.

एक माणूस नीट तयार होऊन आला तर आतलं काम पाऊण मिनिटाचं. तयार नसलेला आला तर तीन-चार मिनिटं. दुपारच्या रांगा ह्यानेच लागतात. ह्या वेळी साडेसात ते साडेपाच आहे, साडेपाचला जो आवारात रांगेत उभा आहे त्याला मतदान करू देतात. आणि हो, महापालिकेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी, ती चिठ्ठी दिसत नाही. लोकसभा-विधानसभेला दिसलेली असते म्हणून लोक इथे शोधतात आणि मग मशीन बिघडलं म्हणून ओरडतात. तेवढं आधी सांगाच.

वस्तीतली_ताई · २२ डिसेंबर

बाईंनी लिहिलं ते शंभर टक्के. मी दांडेकर पुलाच्या बाजूला वस्तीत बचत गटांचं काम करते, आम्ही २०१७ ला हेच शिकवायला गेलो होतो. सोसायटीत कागद चालतो, आमच्याकडे कागद देऊन उपयोग नाही, कागदावर लोक दुसऱ्या दिवशी भजी बांधतात.

आम्ही काय केलं, किराणावाल्याकडून पुठ्ठ्याची खोकी आणली चार, त्याच्यावर चार रंगाचे घोटीव कागद लावले, दरवाजाच्या बेलची बटणं दोन आणली बाकी बाटलीची बुचं चिकटवली. एका मुलाने मागे मोबाईल धरायचा आणि चारही बुचं दाबून झाली की त्याने आवाज काढायचा पीईईई. बायका संध्याकाळी धुणीभांडी उरकून आल्या की समाजमंदिरात ओळीने उभ्या करायच्या आणि एकेकीने मतदान करायचं. एक आजी, सत्तरीच्या असतील, पहिलं बूच दाबून लुगडं सावरत निघाल्या, पोरगा आवाजच काढेना. सगळ्या ओरडल्या, आजी आवाज नाय आला. आजी परत आल्या, दुसरं दाबलं, त्याच्याकडे बघितलं. नाही. तिसरं दाबलं. नाही. चौथं दाबलं तेव्हा पीई झालं आणि आजी म्हणल्या, "मग मागच्या बारीला मी निम्मंच दिलं होतं का काय". २०१२ चं म्हणत होत्या त्या, दोनचा प्रभाग होता तेव्हा.

आता आमची फजिती पण सांगते म्हणजे तुम्ही ती करणार नाही. खोक्यांवर चिन्हं कुठली काढायची? पक्षाची नको म्हणून आम्ही साधी काढली, कपबशी, छत्री असली. छान रंगवली वगैरे. चार दिवसांनी चिन्हवाटप झालं आणि आमच्याच प्रभागात एका अपक्षाला कपबशी मिळाली! झालं, दुसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीची माणसं समाजमंदिराच्या दारात, तुम्ही कपबशीचा प्रचार करताय, किती घेतले. मी खोकं आणून दाखवलं, बुचं दाखवली, काही ऐकेनात. शेवटी सगळी चिन्हं पांढऱ्या कागदाने झाकली आणि नुसतं १, २, ३, ४ लिहिलं. मुक्त चिन्हांच्या यादीत घरातली सगळी भांडी, सगळी फळं, शिलाई मशीन, गॅस सिलेंडर सगळं असतं. म्हणून चिन्ह काढूच नका. आकडे काढा.

अजून एक, बायकांची नावं शोधताना माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव दोन्ही टाकून बघा. निम्म्या जणी माहेरच्या नावाने सापडतात.

जर्सीतला_कर्वेनगरकर · २२ डिसेंबर

मी कर्वेनगरचा, सध्या न्यू जर्सीत. मत तिथे नाही आता माझं त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क नाही पण इथे बायको हे काम करते म्हणून सांगतो. तिला नागरिकत्व मिळालं तेव्हापासून ती लीग ऑफ वीमेन व्होटर्समध्ये जाते, १९२० ची संस्था आहे, बायकांना मताचा हक्क मिळाला त्याच वर्षी सुरू झालेली. कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा नाही, विरोध नाही, हा त्यांचा पहिला नियम.

इथे जूनमध्ये प्रायमरी असते, म्हणजे खऱ्या निवडणुकीच्या आधी त्या-त्या पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच ठरवतात. आणि लोकांना तेच कळत नाही. आमच्या राज्यात ज्या पक्षात नोंद आहे त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते, नोंद नसेल तर त्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगायचा. बायको लायब्ररीच्या दारात टेबल टाकून शनिवारी चार तास बसते आणि दहातले सात जण हाच प्रश्न विचारतात. म्हणजे इथे पण "कुणाला" च्या आधी "कसं" च असतं.

मतपत्रिका कशी दिसते ह्याने किती फरक पडतो ह्याचं इथलंच उदाहरण आहे. न्यू जर्सीत प्रायमरीला पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी पसंत केलेले उमेदवार एका ओळीत ठळक छापायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, वर्षानुवर्षं. मार्च २०२४ मध्ये फेडरल कोर्टाने ते डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरतं थांबवलं. नुसती कागदाची मांडणी हो, पण त्याच्यावर माणसं निवडून यायची.

तुम्हाला घेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे त्यांची प्रश्नावली. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, तेवढ्याच शब्दांची मर्यादा, आणि उत्तर जसं येईल तसं छापायचं, शुद्धलेखनाची चूक पण दुरुस्त करायची नाही. ज्याने पाठवलं नाही त्याच्या नावापुढे "उत्तर आलं नाही". बस. टीका नाही, टोमणा नाही. बायको म्हणते ती मोकळी जागाच सगळ्यात जास्त बोलते.

शनिवारातला · २२ डिसेंबर

आपल्याकडे पण प्रायमरी असते की. एबी फॉर्म म्हणतात तिला, पक्ष आपल्या अधिकृत उमेदवाराला देतो तो. मतदार चार-पाच, बंद खोलीत, निकाल शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला आणि फॉर्म द्यायची मुदत ३ पर्यंत. पळत जाताना फॉर्म फाटला, गाडी अडवली, एकाच जागेला दोघांना फॉर्म दिला, सगळा थरार असतो. जर्सीत आहे का असं काही?

पर्वतीपायथा · २२ डिसेंबर

शनिवारवाले हसवतात पण नऱ्हेकर, ह्यात तुझ्या कामाचा मुद्दा आहे. ३० डिसेंबरला अर्ज भरायची मुदत संपते, छाननी, मग २ जानेवारीपर्यंत माघार, ३ ला चिन्हं आणि अंतिम यादी. म्हणजे उमेदवार कोण हे तुला पक्कं कळणार ३ ला, आणि मतदान १५ ला. बारा दिवस, त्यातले शेवटचे दोन सोड. म्हणून जे नावांवर अवलंबून नाही ते आत्ता करून ठेव, म्हणजे यादी, केंद्रं, चार मतांचं प्रात्यक्षिक, प्रश्नावलीचे प्रश्न. ३ ला संध्याकाळी नुसती नावं भरायची.

उमेदवारांची माहिती म्हणजे शपथपत्र. सगळ्यांना अर्जासोबत द्यावंच लागतं, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. २०१७ ला त्याचा गोषवारा केंद्राबाहेर लावला होता, पण केंद्राबाहेर रांगेत उभं राहून कोण वाचतंय आणि वाचलं तरी तेव्हा काय विचार करणार. तोच तक्ता आठ दिवस आधी लिफ्टशेजारी लावला तर लोक दूधवाल्याची वाट बघता बघता वाचतात. फक्त एक सांभाळ. "गुन्हे ३" असं नुसतं लिहू नको. आंदोलनात रस्ता अडवला तो पण गुन्हा आणि फसवणूक केली तो पण गुन्हा. कलम काय, कोर्टात आरोप निश्चित झालेत का, शिक्षा झालीये का, हे शपथपत्रात असतं, तसंच्या तसं उतरव. स्वतःचं एक विशेषण टाकू नको. "फक्त" हा शब्द पण नको. मी २०१७ ला एकाच्या शिक्षणापुढे "फक्त ९ वी" लिहिलं होतं, त्याचा भाऊ घरी आला. भाऊ चुकीचा नव्हता.

जुने नगरसेवक परत उभे असतील तर त्यांची सभागृहातली हजेरी, प्रश्न, वॉर्डनिधी कुठे गेला हे पण बघ. पुण्यात परिवर्तन संस्थेने मागे नगरसेवकांची प्रगतीपुस्तकं काढली होती, सजग नागरिक मंचासारख्या लोकांनी माहिती अधिकारात बरंच बाहेर काढलंय. पण २०२२ नंतर सभागृहच नव्हतं त्यामुळे ताजं काही नाही. आणि तुमच्या नऱ्ह्याला तर जुना नगरसेवक पण नाही, ग्रामपंचायतीतली माणसं असतील फार तर.

नऱ्हेकर_नवा · २३ डिसेंबर

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना खरंच थँक्यू. ताई, खोकी गोळा करायला लागलोय.

काल ७ जणांत प्रश्नावली करायला बसलो आणि पहिल्याच प्रश्नाला भांडण. एकाने लिहिलं "टँकर माफियाला तुमचा पाठिंबा का आहे". म्हणलं अरे हा प्रश्न आहे का आरोप. दोन तास घालवून असं ठरलं की "नऱ्ह्यात नळाचं पाणी पोचवायला पहिल्या वर्षात नेमकं काय कराल". दुसरा प्रश्न नवले पुलाकडच्या रस्त्याचा, पण तिथे कुणीतरी म्हणालं की तो हायवे आहे, तो नगरसेवकाच्या हातात आहे का? कुणालाच माहीत नाही. मग तो काढला आणि सर्व्हिस रोड आणि फुटपाथ टाकला. तिसरा कचरा. चार प्रश्नांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय.

चेअरमन अजून तयार नाहीत. आणि कागदावर काय-काय लिहावं लागतं कायद्याने? कुणी म्हणालं परवानगी लागते.

बाई_निवृत्त · २३ डिसेंबर

निवडणुकीच्या काळात छापलेल्या पत्रकावर कुणी छापलं आणि कुणी प्रकाशित केलं हे नाव-पत्त्यासह टाका, किती प्रती ते पण. बिननावाचं पत्रक सापडलं की सगळ्यांना संशय येतो आणि तो रास्त असतो. कुठल्याही एका उमेदवाराचं नाव ठळक, दुसऱ्याचं बारीक असं करू नका, मतपत्रिकेवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, त्याच टायपात. एकाच उमेदवाराच्या फायद्याचं काही झालं तर तो त्याचा प्रचार धरला जातो, आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणं हा गुन्हा आहे. तुमचे छपाईचे चार पैसे त्या खात्यात जायला नकोत. टेबल टाकण्याबद्दल प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. नाही म्हणाले तरी लेखी असलेलं बरं. मतदानाच्या दिवशी मात्र केंद्रापासून शंभर मीटरच्या आत कागद-बिगद घेऊन फिरू नका, तुम्ही निःपक्ष आहात हे तुमच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

चेअरमनसाहेबांना मी सांगेन तसं सांगा. राजकारण नको म्हणता ना, मग पार्किंगमध्ये लागलेले वाढदिवसाचे फ्लेक्स आधी काढा, मग आमचं टेबल काढा.

वस्तीतली_ताई · २३ डिसेंबर

बाई 👌

नऱ्हेकर, अजून एक, लोकांचे मोबाईल नंबर लिहून घेऊ नका. नाव शोधून द्यायला नाव आणि वय पुरतं. आमच्याकडे एका पोराने भारी म्हणून गुगल फॉर्म केला, नाव नंबर जात सगळं, आणि आठ दिवसात त्याच बायकांना उमेदवाराचे फोन यायला लागले. पोराने विकला नव्हता, शेअर करताना लिंक उघडी राहिली होती. पण बायकांना वाटलं ताईंनी नंबर दिले. अजून एक बाई माझ्याशी बोलत नाही.

आणि भाड्याने राहणारी पोरं बघा तुमच्याकडे, होस्टेलं किती आहेत नऱ्ह्यात. त्यांची नावं गावाकडे, इथे मत नाही. पण सव्वीस वर्षांपर्यंतच्या पुण्यातल्याच पोरांनी पण अजून नगरसेवक निवडलेलाच नाही, २०१७ ला ती अठराची नव्हती. त्यांना कामाला लावा, पीई आवाज काढायला.

शनिवारातला · २३ डिसेंबर

माझ्या भाच्याला पाठवतो. पंचवीस वर्षांचा आहे, आवाज पण आहे, काम नाही.

नऱ्हेकर_नवा · ५ जानेवारी २०२६

अपडेट देतो म्हणलं होतं.

टेबल लागलं. चेअरमननी फ्लेक्सचं ऐकलं आणि दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी क्लबहाऊसची किल्ली वॉचमनकडे ठेवली आणि मला मेसेज "पंखे बंद करून जाणे". त्या फोटोवाल्या इच्छुकांना तिकीट मिळालं नाही, फ्लेक्स रातोरात गायब, त्या जागी दुसऱ्याचे.

यादीत आमच्या बिल्डिंगचे ३८ फ्लॅटवाले शोधले. अकरा जणांना वाटत होतं त्यापेक्षा केंद्र वेगळं निघालं, चौघांची नावं शेजारच्या प्रभागात. दोघांपुढे दोन स्टार, त्यातले एक आमच्या वॉचमनचे सासरे, त्यांच्या नावाचा माणूस धायरीत पण आहे, वय पण तेच. त्यांना हमीपत्राचं समजावलं तर म्हणाले म्हणजे मला लिहून द्यायचंय की मी मीच आहे. म्हणलं हो काका, साधारण तसंच.

प्रश्नावली ३ ला रात्री सगळ्या उमेदवारांना पाठवली, काहींना हातात नेऊन दिली. आत्तापर्यंत पाच उत्तरं आलीत. एकाने चारही प्रश्नांना "विकास" एवढंच लिहिलंय, तसंच छापणार. एका अपक्ष बाईंनी पाण्याच्या प्रश्नाला दीड पान लिहिलंय, टाकी कुठे, पाइपलाइन कुठे अडलीये, मर्यादा १०० शब्दांची होती म्हणून त्यांना परत पाठवावं लागलं, वाईट वाटलं पण नियम सगळ्यांना तोच. बाकीच्यांच्या नावापुढे सध्या मोकळी जागा आहे. काल एका मोठ्या पक्षाच्या कार्यालयातून फोन आला, ते मोकळं ठेवू नका, काहीतरी टाका तुमच्या मनाने. म्हणलं मनाने नाही टाकता येत, ८ तारखेला रात्री आठपर्यंत पाठवा.

आणि खोकी. चार खोकी, १-२-३-४, शनिवारवाल्यांचा भाचा मागे बसलेला, आवाज भारी काढतो. रविवारी सकाळी ते काका आले, माझं एकच ना वाले. पहिलं बटण दाबलं, थांबले. दुसरं दाबलं, तिसरं. चौथ्यापाशी बोट तसंच धरून मला विचारतात, ह्यात आमच्या हिचं कुठलं?

काकूंना पण बोलावलंय उद्या. ज्यांना जमेल त्यांनी या, सकाळी ८ ते १०, क्लबहाऊस. बुचं कमी पडतायत, पाण्याच्या बाटल्यांची असली तर घेऊन या.

पर्वतीपायथा · ५ जानेवारी

येतो. केंद्रांचा नकाशा लिफ्टशेजारी लावताना सेलोटेप नको वापरू, रंग निघतो आणि चेअरमन परत दोन दिवस बोलणार नाहीत.